कढईवरची चरबी

बाबा दोन घोट सूपापलीकडे काही घेईनासे झाले, त्याला महिना होत आला होता. ईस्टरपर्यंत खाल्लं नाही तर शहरातल्या इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालायची, असं माझा धाकटा भाऊ रोझेर याने ठरवून टाकलं होतं.

“ताई, त्यांना घरीच ठेवायच्या तुझ्या हट्टापायी उपाशी मरतील ते,” तो म्हणाला. मला फार लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

तेलेस्फोर लाक्रुआ, म्हणजे आमचे बाबा, म्हटलं की आमच्या भागात अजूनही लोकांना मेपलच्या झाडांचा रस आटवून केलेल्या पाकात मुरवून धुरी दिलेली डुकराची मांडीच आठवते. मेंदूच्या झटक्यानंतर बाबा माझं नावसुद्धा विसरले, पण जीभ काही विसरली नाही. यंदा जानेवारीत बर्फाच्या पावसाने आमची झाडं मोडली. जुना पाक संपलेला, म्हणून मी मांडी दुकानातल्या साखरेत मुरवली. बाबांनी घास थुंकला आणि विचारलं, “ही कुणाच्या घरची?” तेव्हापासून त्यांनी जेवण सोडलं.

नव्या पाकात मांडी मुरवली तर बाबा खातील, म्हणून उभ्या राहिलेल्या चार झाडांचा रस मी थेंबाथेंबाने जमवला. फांद्यांवर कळ्या फुगल्या होत्या. त्या फुटल्या की रस कडवट होतो, म्हणजे हा शेवटचाच. बाबांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. रस आटवायच्या खोपटात त्यांना बाकावर बसवलं, पायांवर घोंगडी टाकली आणि चुलीवर कढई चढवली.

कढईवर दोरीने चरबीचा एक तुकडा टांगलेला असतो. फेस वर चढला की त्याला लागतो आणि मुकाट खाली बसतो. आमचा तुकडा गेल्या वर्षीच्या मांडीचा होता, बाबांनी स्वतः मुरवलेला. वाफेने आणि धुराने पार काळा पडलेला.

पाक तारेवर येत होता. मी लाकडं आणायला बाहेर गेले आणि अर्ध्या मिनिटात परतले. दोरी रिकामी लोंबत होती. बाबा कढईशी उभे होते, दोन्ही गाल भरलेले, हनुवटीवरून वितळलेली चरबी ओघळत होती.

फेस काठाला आला. लोण्यानेही फेस बसतो, पण लोणी घरात होतं आणि घर लांब होतं. कढई मला एकटीला उचलण्यासारखी नव्हती. बाबांच्या हातात अजून अर्धा तुकडा होता. तो हिसकावला असता तर पाक वाचला असता, मांडी झाली असती, रोझेरला तोंड दाखवता आलं असतं. माझा हात पुढे झालाही.

ते चावत होते. सावकाश, डोळे मिटून, पूर्वी चव बघायचे तसे.

मी हात मागे घेतला. फेस चुलीत सांडला, धूर कोंदला, तळाशी राहिलेलं करपून काळं झालं. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

बाबांनी बोटं चाटली. माझ्याकडे बघून म्हणाले, “मीठ बरोबर लागलंय, जिनेत.”

कित्येक महिन्यांनी माझं नाव त्यांच्या तोंडी आलं होतं.

“अजून आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे, बाबा,” मी म्हटलं, आणि रिकामी बादली घेऊन झाडांकडे निघाले. कळ्या फुटल्या होत्या.