शेजारासकट खोली

चाकांची बॅग जिन्यावरून ओढत नेताना जो आवाज होतो, तो शत्रूच्याही घरी नको. पायरीगणिक धाड, धाड. ती पोरगी बॅग ओढत वर येत होती, तेव्हा मी दार उघडून सरळ सांगितलं, "उचल ती. जिना काय तुझ्या काकाचा आहे?"

"सॉरी मावशी," म्हणत तिने बॅग उचलली, आणि एक चाक निखळून गडगडत थेट तळमजल्यावर गेलं. मला हसू आलं. येऊ नये, पण आलं.

मी कपडे शिवते. पायाने चालवायचं मशीन आहे, खिडकीशी. सकाळी सहाला सुरू होतं. या इमारतीत एके काळी प्रत्येक दाराआड बिऱ्हाड होतं, आता माझं एकटीचं उरलंय. बाकीच्या खोल्या मालकांनी एकेक करून रिकाम्या केल्या, रंग मारला, भिंतीवर होडीचं चित्र टांगलं आणि पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायला लागले. समोरच्या खोलीत माझी धाकटी जाऊ राहायची. मालकांनी गोड बोलून तिच्या तोंडाला पाने पुसली आणि ती गेली शहराबाहेर, दोन बस बदलून जावं लागतं तिथे. पूर्वी आम्ही दारातून दारात भांडायचो. आता फोन करावा लागतो, आणि फोनवर भांडण रंगत नाही.

मला काढणं तेवढं सोपं नव्हतं. भाडेकरार जुना, नवऱ्याच्या नावचा. म्हणून मालक माझ्या मशीनच्या मागे लागले. आवाजाचा त्रास होतो असं एखाद्या शेजाऱ्याने पालिकेच्या साहेबांसमोर सांगितलं, की घरातलं काम बंद करता येतं. काम बंद झालं की भाडं थकणार, भाडं थकलं की मी रस्त्यावर. आणि शेजारी म्हणजे आता हे पर्यटकच! आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळातल्या उंदराविरुद्ध साक्षही त्यानेच द्यायची.

दुसऱ्या दिवशी ती पोरगी बॅग घेऊन दारात आली. "मावशी, हे चाक बसवून द्याल?"

"मी शिंपीण आहे, लोहार नाही. दुसरंही काढून टाक. पट्टे शिवून देते, पाठीवर घे."

ती स्टुलावर बसली. मी चहा दिला. मग तिने सुरू केलं, की ती प्रवासात किती जपून वागते. विमान टाळते, पाण्याची बाटली घरची नेते, टॉवेल रोज धुवायला टाकत नाही. "खोलीत पाटीच आहे, मावशी. टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा."

"वाचली का मग?"

"कोण?"

"पृथ्वी. टॉवेल वाचला, पाणी वाचलं, घरातून गेली ती फक्त माझी जाऊ. तू जिथे झोपतेस ना, तिथे तिच्या दोन्ही पोरी रांगायला शिकल्या."

तिचा चेहरा उतरला. "मला कसं कळणार? जाहिरातीत लिहिलं होतं, इथल्या माणसांच्या शेजारात राहा. म्हणून तर मोठं हॉटेल सोडून आले. आणि माझ्या एकटीच्या न येण्याने काय फरक पडला असता?"

माझं डोकं फिरलं. "एकटी? अगं, सगळे एकेकटेच येतात. हा जिना काय फौजेने रिकामा केला? तुझ्यासारख्या एकेकट्यांनीच केला!"

ती उठली. चहाही तसाच ठेवून गेली. मी रागारागात पट्टे शिवले, दुहेरी टीप घालून, आणि बॅग तिच्या दाराशी ठेवली. रागात माझी शिलाई नेहमीच पक्की येते.

दोन दिवसांनी मालक साहेबांना घेऊन हजर. "वहिनी, आत येऊ का?" मालक मला वहिनी म्हणाले, की समजावं खिसा सांभाळायची वेळ झाली. मागे ती पोरगी उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मीच तर तिला तोडून बोलले होते. आता ती कशाला माझी बाजू घेईल?

"सांगा ना साहेबांना," मालक तिला म्हणाले. "सकाळी सहाला जाग येते ना? आपलं ठरलंय, तुमच्या राहण्याचे पैसे मी घेणार नाही, एवढा त्रास झाला तुम्हाला."

"येते जाग," ती म्हणाली. "सहालाच येते. आणि माझी तक्रार आहे."

साहेबांनी पेन काढलं. मी मशीनवर हात ठेवला. दुसरं कशावर ठेवणार?

"यांच्याबद्दल," ती मालकांकडे बोट दाखवून म्हणाली. "यांनी मला इथल्या माणसांच्या शेजारातली खोली विकली. मी सगळी दारं वाजवली. सगळीकडे माझ्यासारखेच, बॅगवाले. शेजार म्हणून ही एक मावशी सापडली, आणि तिलाच हे काढायला निघालेत. मग मला विकलं काय? होडीचं चित्र? लिहून घ्या, साहेब. आणि माझ्या राहण्याचे पैसे मी पूर्ण देणार आहे, तेही लिहा."

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! साहेबांनी पेन तसंच धरून विचारलं, "मशीनबद्दल तक्रार नाही?"

"नाही."

"मग मशीन चालू राहील." साहेब मालकांकडे वळले. "पण दिवसाच्या भाड्याचा परवाना तुमच्याकडे किती खोल्यांचा आहे, ते जरा दाखवा."

मालकांचा सगळा राग पोरीवर निघाला. "खोली रिकामी करा. आत्ताच्या आत्ता!"

ती गेली आणि बॅग पाठीवर घेऊन आली. दुहेरी टिपेचे पट्टे खांद्यावर नीट बसले होते. या वेळी जरासुद्धा आवाज झाला नाही.

"ये आत," मी म्हटलं.

"इथे ठेवायचं नाही कुणाला," मालक ओरडले. "परवानगी लागते!"

"पोटभाडेकरू ठेवायला लागते. ही माझी पाहुणी आहे."

साहेब खाली उतरले. मालक मात्र जिन्यात उभेच राहिले, मी दार लावायची वाट बघत. मी लावलं नाही. स्टूल ओढून मशीनसमोर बसले. शिवायला काहीच नव्हतं. बिनकापडाचं मशीन चालवू नये, कापड पुढे सरकवणारे खालचे दाते झिजतात, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत आलेय. त्या दिवशी चालवलं. मालक तळमजल्यावरच्या दारातून बाहेर पडेपर्यंत चालवलं.