नलूच्या लग्नातली ढोलकी

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे, सेलूच्या लहानूची. केळझरच्या सुताराने आंब्याचे खोड पोखरून मला घडवले. लहानू दिवसभर शेतावर राबायचा आणि संध्याकाळी मला मांडीवर घ्यायचा. छप्पन साली आमच्या मोहल्ल्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्याने स्वतः नवी गाणी बांधली. त्याची म्हातारी आई सीताबाई, शेजारपाजारचे, लेकरेबाळे, सगळे गायचे. किती कौतुक होते माझे!

पुढच्या वर्षी हिरालालच्या दुकानात रेडिओ आला. त्याचा आवाज गोड होता, मलासुद्धा आवडायचा. "बसा, गाणं फुकट आहे," हिरालाल म्हणायचा. मग चहा यायचा, बिस्कीट यायचे. गाण्यांच्या मधेमधे रेडिओ साबणाचे, दंतमंजनाचे गुण सांगायचा. ते साबण, ते मंजन हिरालालच्या फळीवर मांडलेलेच असायचे. माझ्याजवळ बसायचे ते गायचे. रेडिओजवळ बसणाऱ्यांना हिरालाल गिऱ्हाईक म्हणायचा. लहानूही रोज तिथे जाऊन गप्प बसू लागला. मी खुंटीवर लटकले. माझी दोरी सैल पडली, कातडे उंदरांनी कुरतडले.

अशात लहानूच्या भाचीचे, नलूचे, लग्न ठरले. लहानू म्हणाला, "वर्ध्याहून भोंगा आणतो. रेडिओतली सारी गाणी वाजतीन."

"भोंगा नको, मामा. तू बांधलेलं गाणं म्हण."

"मले आता येत नाई, पोरी. इसरलो मी."

"काऊन इसरला? तुहंच तर होतं ते!"

लहानू उठला. मग त्याने मला खुंटीवरून काढले, धूळ पुसली आणि नवे कातडे चढवून आणले.

लग्नात वंदना झाल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली. दोन ओळी आल्या, तिसरी आठवेना. त्याची थाप थांबली. तेवढ्यात बायकांमधून सीताबाईने ती ओळ उचलली आणि तिच्यामागे सारा मांडव गाऊ लागला. आहेर घेऊन आलेला हिरालालही टाळ्या वाजवत म्हणाला, "लहानू, असं तर आपल्या रेडिओवर बी नाई लागत!"

लहानू आजही रेडिओ ऐकायला जातो. मला त्याचा राग नाही. पण आता तो तिथून लवकर उठतो, घरी येतो आणि मला मांडीवर घेतो.

मित्रांनो, दुकानातले गाणे जरूर ऐका. मात्र घरी आल्यावर एखादी ओळ स्वतः मोठ्याने म्हणा. ती अर्धी राहिली तरी घाबरू नका. तुमचे माणूस जवळ असेल, तर ते पुढची म्हणेल.