आंदणातला कॉम्प्युटर

लग्नात स्नेहलनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कपाट नको, पलंग नको, पितळेच्या हंड्या-कळशा तर मुळीच नकोत, असं तिनं घरात आधीच सांगून टाकलं होतं. तिला वाशिंदला एकच वस्तू न्यायची होती, आणि ती तिनं स्वतःच्या पगारातून घेतली होती, स्वतः निवडली होती. असं असताना त्या वस्तूचं जे झालं ते ऐकून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जावी.

२००५ सालचा मे महिना होता. स्नेहल धसईची, भातशेती करणाऱ्या घरातली. तीन वर्षं ती रोज एसटीनं मुरबाडला जात होती, दीपेशच्या फोटो स्टुडिओत. तिथं ती कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम लावायची. कुठला फोटो पानभर घ्यायचा, कुठला कोपऱ्यात टाकायचा, नवरीच्या गालावरची चमक किती कमी करायची, सगळं तीच ठरवायची. तिचा हात असा बसला होता की गिऱ्हाईकं दीपेशला सांगायची, अल्बम त्या पोरीकडूनच करून द्या. आता लग्न होऊन ती वाशिंदला जाणार आणि तिथून रोज मुरबाड गाठणं काही जमणार नव्हतं. दीपेशनं सरळ सांगितलं होतं: घरी स्वतःचं मशीन बसवलंस तर सीझनचे सगळे अल्बम तुझे, फोटोंच्या सीड्या पाठवत जाईन, पण एक जूनपर्यंत मशीन चालू झालं नाही तर मला दुसरी मुलगी ठेवावी लागेल.

म्हणजे हा हौसेचा मामला नव्हताच. योग्य मशीन आलं तर तिचं काम तिच्याबरोबर सासरी जाणार होतं, नाही तर ते मुरबाडलाच सुटणार होतं.

तिनं ते निवडलं कसं हेही सांगायला हवं, कारण नंतर मांडवात जो तो म्हणत होता की पोरीच्या जातीला त्यातलं काय कळतं. नवरा मुलगा आदेश, वाशिंदच्याच एका कंपनीत कामाला, समजूतदार. त्यानं आपल्या खोलीत खिडकीखाली फळी ठोकली आणि तिचं माप पाठवलं: अडीच फूट लांब, पंधरा इंच खोल. त्याहून बाहेर काही आलं तर कपाटाचं दार उघडणार नाही. ती चिठ्ठी घेऊन स्नेहल तीन मंगळवार शहापूरला गेली. मशीन बिघडलं तर वाशिंदहून शहापूर जवळ, म्हणून तिथलंच दुकान धरलं. सोबत एक सीडी नेली होती, त्यात हळद लागलेल्या नवरीचा एकच फोटो. दुकानातल्या प्रत्येक पडद्यावर तो फोटो लावून तिनं समोरून पाहिला, बाजूनं पाहिला, खुर्चीवरून उठून पाहिला. पाठीमागे पोट सुटलेल्या जुन्या मॉनिटरवर रंग चांगले दिसतात हे तिला ठाऊक होतं, पण तो फळीवर मावणार नव्हता. चपट्या पडद्यांपैकी दोन तिनं नापास केले, कारण जरा सरकून बसलं की नवरीची हळद काळपट दिसायची. तिसरा पास झाला. कॅबिनेट बुटकं घेतलं, जेमतेम वीतभर रुंद.

हार्ड डिस्क मात्र एकशे साठ जीबीची. दुकानदार म्हणाला, घरात वापरायला चाळीस पुष्कळ झाली. एका लग्नाचे फोटो आणि अल्बमची पानं मिळून पाच जीबी जागा खातात, असं तिनं त्याला तिथंच ऐकवलं. आठ लग्नांत चाळीस भरली. आणि माणसं सहा महिन्यांनी जादा कॉप्या मागायला आली तर काय, त्यांना पुन्हा बोहल्यावर चढवायचं? दुकानदार पावती फाडायला लागला. पावती स्नेहलच्या नावावर झाली आणि खोकी हळदीच्या दिवशी सकाळी न्यायची ठरली.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पण आंदण मामानं आणायचं, वाजतगाजत आणायचं आणि मांडवात मांडून पाव्हण्यारावळ्यांना दाखवायचं, ही त्यांच्याकडची रीत. स्नेहलचे मामा अनंतामामा, ग्रामपंचायतीत बसणारे, चार माणसांत शब्दाला वजन असलेले. त्यांना तिनं तीन वेळा बजावलं होतं की सगळं ठरलंय, पैसेही भरलेत, खोकी आहेत तशी सीलबंद आणा. मामा तिन्ही वेळा हां हां म्हणाले होते. तिसऱ्या वेळी तर हां म्हणता म्हणता ते मंडपवाल्याशी खुर्च्यांचं बोलत होते.

हळदीच्या दिवशी टेम्पो दारात आला, ताशा कडाडला, आणि बायकांच्या घोळक्यातून स्नेहल बाहेर आली. तिला पहिली हळद लागली होती. कोपरापर्यंत हात पिवळे होते. तोवर मांडवात टेबलावर मांडून झालं होतं तिच्या कमरेएवढ्या उंचीचं वाटावं असं भलंमोठं कॅबिनेट, पुढं चकचकीत निळी काच. शेजारी सतरा इंची मॉनिटर, तोच पोट सुटलेला, आणि दोन्ही बाजूंना दोन दांडगे स्पीकर. सगळ्याला झेंडूचे हार. माईकवाला घसा ताणून सांगत होता की अनंतामामांकडून भाचीला भव्य कॉम्प्युटर. भव्य! तिच्या तीन वर्षांच्या पगाराला मामांचं नाव लागलं होतं.

मामांनी खुलासा केला तो छाती पुढं काढूनच. दुकानदारानं खोकी पुढं ठेवली तेव्हा त्यांना ती चपलांची वाटली. एवढंसं खोकं आंदणात मांडलं तर वाशिंदची माणसं नावं ठेवतील. आंदण कसं, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. म्हणून पदरचे दोन हजार वर घालून त्यांनी दुकानातला सगळ्यांत मोठा उचलून आणला. आणि आता ते शाबासकीची वाट बघत उभे होते.

राग आला तो आधी याच गोष्टीचा. मामा लबाड असते तर भांडणं सोपं होतं. इथं तर ते स्वतःच्या खिशाला चाट लावून तिचं वाटोळं करत होते आणि वरून तिनं पाया पडावं अशी अपेक्षा होती. स्नेहलनं विचारलं, हार्ड डिस्क कितीची आहे? मामा म्हणाले, मोठीच असणार, डबा बघ ना केवढा आहे.

ती तडक घरात गेली आणि तिनं दुकानात फोन लावला. दुकानदार शांतपणे म्हणाला, मॅडम, घरची मोठी माणसं आली होती, मी त्यांच्यापुढे काय बोलणार? पावतीवर नाव कुणाचं आहे, असं तिनं विचारल्यावर तो जरा वरमला. तिची खोकी अजून दुकानातच होती. आज सात वाजायच्या आत मोठं मशीन वीज न लावता, कॅबिनेटवरचं सील न फोडता परत आलं तर तो बदलून द्यायला तयार होता. उद्यापासून नाही.

तिनं हे मांडवात येऊन सांगितलं आणि एकच गलका झाला. मांडलेलं आंदण कधी मांडवाबाहेर काढतात का? वाशिंदवाल्यांच्या कानावर गेलं तर? आई, गुणाबाई, डोळ्याला पदर लावून म्हणाली, दोन दिवस कळ काढ, मग बघू. दोन दिवसांनी काय बघणार होती? स्नेहल स्वतःच टेम्पोत चढली असती, पण हळद लागलेली नवरी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, हे म्हणायला पाच-सहा तोंडं एकदम उघडली. नवरीनं बोलायचं नाही, जायचं नाही, फक्त पिवळं होऊन पाटावर बसायचं.

"आत काय हाय ते एकानं तरी बघितलाय का?" ती म्हणाली.

"लग्नात आत कोण बघतो गो?" मामा हसले.

"मी बघतंय."

माईकवाल्याच्या पेटीतून तिनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. सील कुठल्या बाजूला आहे ते तिनं आधी पाहिलं, दुसऱ्या बाजूचे दोन स्क्रू काढले आणि कॅबिनेटचा बाजूचा पत्रा सरकवला. पत्र्याला पिवळी बोटं उमटली. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, या, बघा.

आधी बायका पुढं आल्या, मग पुरुष. एवढ्या मोठ्या डब्यात खाली एक हिरवी पाटी, दोनचार वायरी, आणि वर पत्र्याचा रिकामा कप्पा. त्या कप्प्यात शेराचं माप सहज बसलं असतं. लग्नात धवळे गाणारी धोंडीबाई कमरेत वाकून बराच वेळ आत बघत राहिली. गावातल्या प्रत्येक लग्नात तिचा मान पहिला.

"आत तं कायच नाय गो," ती म्हणाली. "नुसता खोकाच आनलाव तुमी, अनंता."

कोपऱ्यातल्या हार्ड डिस्कच्या छोट्या डबीवरचा आकडा स्नेहलनं वाचून दाखवला. चाळीस. माईकवाल्यानं माईक हळूच खाली ठेवला.

मामांचा चेहरा पडला. मग त्यांनी, असली माणसं करतात तेच केलं. पोरीनं आधी नीट सांगायला नको होतं का, असं चार जणांकडे बघत म्हणाले. आणि मग स्नेहल जे बोलली ते त्या घरात कुठल्याही नवरीनं आजवर बोललेलं नव्हतं.

"तीनदा सांगितलाय मामा. तुमी ऐकलाच नाय. आता हितं उभं रहा आणि मी काय सांगतंय ते मला म्हणून दाखवा. त्याबिगर मी हळदीला बसनार नाय."

कुणीतरी म्हणालं, मामाचा मान ठेव. ती म्हणाली, मान ठेवलाय म्हणून तर त्यांनाच पाठवतंय.

मग तिनं एकेक सांगितलं आणि मामांनी एकेक म्हटलं. पडदा चपटा, पंधरा इंची. कॅबिनेट बुटकं. सीडी लिहिणारा ड्राइव्ह. हार्ड डिस्क एकशे साठ. मामांनी पहिल्यांदा साठ म्हटलं. परत, ती म्हणाली. दुसऱ्यांदा ड्राइव्ह विसरले. परत. ग्रामपंचायतीत तासतासभर बोलणारा माणूस भाचीसमोर घाम पुसत चाचरत होता, आणि कुणी हसलं नाही. चौथ्यांदा सगळं बरोबर आलं. तिनं पत्रा जागेवर बसवला, स्क्रू आवळले आणि टेबलावरचे हार स्वतःच्या हातानं काढून ठेवले.

टेम्पो किन्हवलीच्या रस्त्यानं गेला तो बिनताशाचा. पाच वाजता परत आला. खोकी इतकी लहान होती की मामांनी ती दोन्ही हातांत धरून उतरवली. स्नेहलनं सील तपासलं, खोक्यावरचा आकडा वाचला, पावतीशी ताडून पाहिला. दुकानदारानं मामांचे दोन हजारही परत दिले होते. माईकवाल्याला काय पुकारावं ते सुचत नव्हतं.

मामा दमले होते. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "झाला ना आता तुझ्या मनासारखा?"

"मनासारखा नाय, मामा," स्नेहल म्हणाली. "माझा व्हता तोच आला."

आणि ती पाटावर जाऊन बसली.