बटणाचं टोपडं

कापडाला डाग असला की तो शिवणीत घ्यायचा, हे मला सासूबाईंनी शिकवलं. गिऱ्हाईक खूश, आपणही मोकळ्या. तीच अक्कल मी मांजराच्या पिल्लावर चालवली.

पिल्लं तीन होती. कुणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आमच्या शिवणाच्या दुकानाच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. "आपलंच भागेना, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना," नणंद म्हणाली, आणि मग तीच खाटकाकडून उरलंसुरलं मागून आणू लागली. आम्ही ते शिजवून, कुस्करून बोटानं चारायचो. गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून त्यांच्या कुशीत ठेवायचो. अंथरुणाला मात्र तोटा नव्हता. चिंध्या म्हणजे आमचं वैभव.

दोन पिल्लं चांगल्या घरी गेली. उरलं ते एक, त्याला आम्ही बटण म्हणायचो. सर्दीत त्याचा डावा डोळा गेला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण डोळा पांढराच राहणार. थेंब तेवढे रोज घाला. बघायला येणारा प्रत्येक जण तो डोळा बघायचा आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचा. तो गेला तो गेलाच. वर घरमालकानं बजावलं, रविवारनंतर मांजर दिसलं तर मी स्वतः रस्त्यावर सोडेन. एका डोळ्याचं एवढंसं पिल्लू रस्त्यावर किती टिकणार?

शनिवारी ड्रायव्हरकाका बटणाला बघायला येणार होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आता घरी एकटाच. मी सकाळीच फलालीनच्या तुकड्याचं टोपडं शिवलं. डाव्या बाजूला रुंद झालर, बरोबर डोळ्यावर येईल अशी.

"थंडी फार वाजते हो त्याला. आज काढू नका," मी काकांना म्हणाले. थेंबांची बाटली मशीनच्या खणात ढकलली. नणंद खाली मान घालून काजं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच काका हजर. शर्टाच्या आत बटण.

"ताई, याला दुसरं चांगलं घर बघा. माझ्याकडे एका रात्रीत याचा डोळा गेला. टोपडं काढताना वळवळलं. माझं नख लागलं असणार."

त्यांनी हात पुढे केले. दाही नखं मुळापर्यंत कापली होती. अंगठ्याला रक्त सुकलेलं.

ते भांडायला आले असते तर माझी उत्तरं तयार होती. ते तर स्वतःलाच दोष देत होते. तरी माझं तोंड चाललंच. "असू द्या काका, होतं असं. मुद्दाम का कुणी करतं? तुमच्याकडेच ठेवा."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. मी.

"तुमचं मन मोठं," काका म्हणाले.

नणंद नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मग मी सांगितलं. डोळा, झालर, थेंबांची बाटली, सगळं. मान वर न करता.

"म्हणजे माझ्या हातून नाही झालं?"

"नाही काका."

"नक्की नाही?"

"नक्की."

ते स्टुलावर मटकन बसले. "बरं झालं," म्हणाले, आणि बटणाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होते. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी थेंब कधी घालायचे ते विचारलं, बाटली खिशात टाकली आणि पिल्लू पुन्हा शर्टात घेतलं.

दारात थांबून त्यांनी विचारलं, "याला आणखी काही नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

काकांनी मान डोलावली, पण निघाले नाहीत. त्यांनी नणंदेकडे बघितलं. ती "नाही काका" म्हणाली, तेव्हा ते पायरी उतरले.