पायरी पंधराचीच होती

मी कॉम्प्युटरमधला रॅम बोलतोय, म्हणजे त्याची हातातल्या कामापुरती आठवण. वितीपेक्षा आखूड पट्टी आहे मी, पण या घरातलं सगळ्यात मोठं भांडण माझ्यापायी झालं. आता थकलोय. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

कारखान्यात लाडबीड नसतात. तापवलं, गार केलं, पळवलं आणि जेवढं नीट पळालो तेवढा आकडा कपाळावर चिकटवला. बत्तीसशे. त्याच्या पुढचं वचन मी कुणाला दिलेलं नाही. सोबत जुळा भाऊ होता. दोघं एकाच डबीत झोपून या घरी आलो.

घरात तिघं. बायको घरांचे नकाशे काढते. नवरा दिवसभर ऑफिसात स्क्रीनपुढे बसतो आणि घरी आला की दमलो म्हणून परत स्क्रीनपुढे बसतो. तिसरी बायकोची मावशी. हिला लहानाचं मोठं तिनंच केलं. मावशीचे गुडघे गेलेले आणि दारापुढच्या पायऱ्या उंच. त्यामुळे म्हातारी घरातच अडकलेली. खिडकीतून रस्ता बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, एवढाच उद्योग.

"मावशी, मी तुला नव्या पायऱ्या करून देते. अगदी बुटक्या," बायको म्हणाली.

"कर बाई. जरा बाहेर जाऊन भांडेन. इथनं ओरडून घसा बसला."

तो नकाशा आमच्याच अंगावर उतरत होता. ती आकडा टाकायची, आम्ही धरून ठेवायचो.

आता माझं दुखणं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या पोटात बारीक बारीक कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा गळका. म्हणून सारखं हातातलं काम थांबवून ते पुन्हा भरून घ्यावे लागतात. त्याला मी दम घेणं म्हणतो. अंग तापलं की गळती वाढते. हा आजार नव्हे, आमची घडणच अशी.

नवऱ्यानं कुठंतरी वाचलं की रॅमला कपाळावरच्या आकड्यापेक्षा जास्त पळवता येतं. झालं. माणसाला काम नसलं की तो दुसऱ्याला कामाला लावतो.

"अगं, फुकटचा स्पीड पडून आहे!"

"मला आहे तो पुरतोय."

"तुला त्यातलं कळत नाही."

स्पीड वाढवला. हुकूम आल्यावर आम्ही जे दोन ठोके थांबायचो, तेही कापले. व्होल्टेज चिमूटभर चढवला. आणि मग सगळ्यात वाईट केलं, दम घेण्यातलं अंतर वाढवलं. दम घेण्यात वेळ वाया जातो म्हणे! अरे बाबा, तू जेवायला उठतोस तेव्हा तुझा वेळ जात नाही का?

मग परीक्षा. सुट्टीची गार सकाळ, खिडक्या उघड्या, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलेलं आणि टेबलफॅन थेट आमच्या तोंडावर. अशा थाटात कुणीही पास होईल. आम्हीही झालो. त्यानं स्क्रीनचा फोटो काढून मित्रांना पाठवला.

बायको म्हणाली, "तो फॅन काढ आणि झाकण लाव. आवाजानं डोकं उठलंय."

त्यानं झाकण लावलं, फॅन उचलला आणि परीक्षा काही परत घेतली नाही. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

दुपारी डबा तापायचा. शेजारचं ग्राफिक्स कार्ड गरम श्वास सोडायचं, तो सगळा आमच्या अंगावर. कप्पे गळायचे आणि दम घ्यायची मुभा नाही. आमची जात चुकली तरी ओरडत नाही. जे उरलं असेल तेच खरं म्हणून पुढे देते.

एका दुपारी बायको मावशीला नकाशा दाखवत होती. मावशीनं चष्मा वर केला.

"ही तिसरी पायरी एवढी उंच का गं? मी काय बकरी आहे?"

बायकोनं पाहिलं. तिथं पंधरा सेंटिमीटरच्या जागी एकतीस. "मी पंधराच टाकलं होतं," ती पुटपुटली. सुधारलं. दोन दिवसांनी भलतीकडेच दरवाजा सरकला. मग ती प्रत्येक आकडा तीनतीनदा बघायला लागली. झोप गेली. "माझं डोकंच चालत नाही," म्हणायला लागली. गवंड्याला पुढची तारीख दिली, मग त्याच्याही पुढची. मावशी खिडकीत तशीच.

"मशीन चुकत नाही, माणूस चुकतो," नवरा म्हणाला. "टेस्ट पास आहे ना!"

"मग मीच मूर्ख का?"

"थांब. आत्ता तुझ्यासमोर टेस्ट लावतो."

भर दुपार, झाकण बंद. बिचाऱ्याला बायकोची चूक सिद्ध करायची होती. स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळी उतरायला लागल्या. एक, मग दहा, मग थांबेचनात.

मावशी पुढे वाकून म्हणाली, "जावईबापू, हे लाल लाल म्हणजे पास का?"

"जरा गरम झालं असेल."

"तुझ्यामुळे मी स्वतःला वेडी समजत होते," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तरी गडी ऐकेना. व्होल्टेज आणखी चढवला. माझा भाऊ त्यात गेला. आवाज नाही, धूर नाही. पुन्हा उठलाच नाही. नवऱ्यानं त्याला काढून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ बघत बसला. मग गुपचूप सगळं कपाळावरच्या आकड्याला आणून ठेवलं. बायकोला म्हणाला, "चूक माझी होती. तुझे आकडे बरोबर होते." हे शब्द त्याला माझ्या व्होल्टेजपेक्षा जड गेले असतील.

बायकोनं नकाशा पहिल्यापासून काढला. मी एकटा, मंद, पण तिनं पंधरा टाकले की पंधराच परत दिले. गवंडी आला, ठोकाठोक झाली, सिमेंट वाळलं.

परवा दार उघडल्याचा आवाज आला. मग काठी. टक. थांबली. टक. तिसऱ्या पायरीवर बायकोनं श्वास धरला, मीही धरला. टक. मग रस्त्यावरून मावशीचा आवाज, कुणाच्या तरी गाडीला शिव्या घालत. बसलेला घसा एकदम मोकळा.

आज नवरा डब्याजवळ घुटमळत होता. "अगं, थोडंसंच वाढवू का?"

"हात लावून तर बघ."

गेला. पण हे लोक परत येतात, मला ठाऊक आहे. म्हणून सांगून ठेवतो. मी म्हातारा झालोय, भाऊ गेलाय, मला पळायचं नाही. जेवढं कपाळावर लिहिलंय तेवढं मी शेवटपर्यंत धरून ठेवीन. फक्त मधेमधे दम घेऊ द्या.