वापसीचा ड्रम

मी एक ड्रम बोलतोय. दोनशे लिटरचा, लोखंडी, निळा. हसू नका, भंगारातून वितळून जन्मलेल्यालाही मन असतं. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात एकच शब्द लिहिलाय, 'वापसी'. त्या शब्दानेच सगळा घोळ केला.

नवं इंजिन ऑइल भरून मला गोंदियाच्या डेपोतून अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यात, गजेंद्रच्या ट्रॅक्टर गॅरेजवर आणलं. कंपनीची योजना चांगली होती. नवं तेल संपलं की इंजिनातलं जळकं तेल माझ्यातच भरायचं, ते कारखान्यात शुद्ध करून पुन्हा वापरायचं. म्हणजे जमिनीतून तेवढं कमी उपसावं लागेल. पण हे गजेंद्रला कोणी सांगितलंच नाही. त्याने 'वापसी' वाचलं, रिकामा ड्रम परत द्यायचा असं समजला आणि मान डोलावली. जळकं तेल तो नेहमीसारखं मागच्या खड्ड्यात ओतत राहिला. खड्ड्याला लागून बोडी, गावाचं छोटं तळं. तिच्यावर धान पिकतो, तिच्यातच म्हशी डुंबतात.

मी रिकामा झालो तशी त्याची आई, धुरपताबाई, पदर खोचून आली. बुचाच्या भोकातून राख अन् पाणी ओतून तिने मला अंगणभर लोळवलं.

"माय, पुरे झालं ना," गजेंद्र म्हणाला.

"लोकाचं भांडं खरकटं काऊन द्याचं? आन् रितं तं देतच नाई," म्हणत तिने मूठभर तांदूळ आत सोडले. मला भरून आलं. आजवर माझ्यात कोणी मायेने काही घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेपोचा ड्रायव्हर जीवनलाल आला. त्याने मला हलवून पाहिलं.

"ये क्या है, भाऊ? जला हुआ तेल किधर है?"

गजेंद्रने खड्डा दाखवला.

"अरे बाबा, वही तो लेने आया था! यहाँ डालोगे तो रिसकर सीधा तालाब में जाएगा."

धुरपताबाई बोडीकडे वळली. "मंग आपुन बोडीत जहर सोडून राहिलो होतो का रे?"

भरून ठेवा, पुढच्या फेरीला नेतो, असं सांगून जीवनलाल गेला. गजेंद्रने खड्डा बुजवला. त्यानंतर त्याने एक थेंब सांडू दिला नाही. चार महिन्यांत मी काठोकाठ भरलो.

जीवनलाल काही आला नाही. गजेंद्र फोन करतो, तर डेपोवाले म्हणतात, एका ड्रमासाठी एवढ्या लांब गाडी पाठवली तर तिचंच डिझेल जास्त जळेल. त्यांचं बरोबर असेलही. मी मात्र दीड वर्ष गॅरेजमागे उभा आहे. माणसं माझ्यावर चहाचे कप टेकवतात आणि आपसात बोलतात. फार एकटं वाटतं हो.

एक गोष्ट गजेंद्रलाही ठाऊक नाही. त्या दिवशी धुताना थोडं पाणी आतच राहिलं. पाणी तेलाखाली जाऊन बसतं. माझं बूड आतून गंजतंय, पत्रा कागदाएवढा उरलाय. धुरपताबाई रोज म्हैस घेऊन बोडीवर जाते. जाताना माझ्या पाठीवर थाप मारते, "डेपोवाले नेतीन रे बापू, नेतीन."

मी फुटलो तर तिचीच बोडी नासेल, आणि मला तिला हाकही मारता येणार नाही. डेपोतल्या भावांनो, एका ड्रमासाठी या. लवकर या.