तीन मजली चेहरा

इंचॉनच्या सूतगिरणीने तीनशे माणसांना एका सकाळी कामावरून काढलं, तेव्हा त्यांच्यातला सोकचोल फाटकाआडच्या गोदामात उपोषणाला बसला. ग्वांगसिक त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. रंगखात्यात काम करायचा, हातात कला होती. पंधराव्या दिवशी त्याने मांजरपाटावर सोकचोलचा चेहरा रंगवला, चांगला तीन मजले उंच, आणि गिरणीच्या दर्शनी भिंतीवर सोडला. जाणारे-येणारे थांबायला लागले. वर्तमानपत्रांत फोटो आले.

अठराव्या दिवशी सोकचोलने त्याला जवळ बोलावलं. ओठ फुटले होते.

"ग्वांगसिका, मला पेज पाहिजे रे. बस झालं."

"वेडा आहेस का? सोमवारी मंत्र्यांचा माणूस येतोय. तीन दिवस कळ काढ."

"नाही निघत."

"बाहेर एवढा टांगलाय तुला! आता पेज प्यायलास तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

सोकचोल हसला. "टांगलेल्याचं बरंय. त्याला भूक लागत नाही."

पुन्हा त्याने काही मागितलं नाही. सोमवारी कुणी आलं नाही. एकतिसाव्या दिवशी तो गेला. ते कापड पुढे धरून हजारो लोक त्याच्या अंत्ययात्रेत चालले. एकालाही काम परत मिळालं नाही, आणि वर्षभरात गिरणीच बंद पडली.

ग्वांगसिकचं मात्र नाव झालं. पुढची तेहेतीस वर्षं तो तोच चेहरा करत राहिला. कधी लोखंडात, कधी राखेत, कधी सुताच्या गुंत्यात. परदेशांतून बोलावणी आली. अठराव्या दिवसाबद्दल तो कुणाशी बोलला नाही.

मग राजधानी सोलच्या एका कलासंग्रहालयाने ते मूळ कापड मांडायचं ठरवलं. उद्घाटनाला सोकचोलच्या आईला बोलावलं होतं. म्हातारी चौऱ्याऐंशीची. ग्वांगसिकने मनाशी ठरवलं होतं, आज सांगून मोकळं व्हायचं. प्रदर्शन मांडणाऱ्या नारेला त्याने सांगूनही ठेवलं, "भिंतीवरचा मजकूर एवढ्यात छापू नकोस. संध्याकाळी मी देतो."

म्हातारी कापडासमोरच्या बाकावर बसली होती.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"आई, तुम्हाला एक सांगायचंय. अठराव्या दिवशी—"

"आधी माझं ऐक." तिने त्याची बाही धरली. "मी रोज पेज घेऊन फाटकाशी बसायचे. तुम्ही पोरं मला आत सोडत नव्हता. म्हणायचात, आईला बघून त्याचा निश्चय मोडेल. संध्याकाळी गार झालेली पेज मी गटारात ओतायचे. इतकी वर्षं एकच वाटतं, त्याने मागितली असती तर तुम्ही मला हाक मारली असतीत. होय ना? त्याने मागितली नव्हती ना रे?"

ग्वांगसिक तिच्या शेजारी बाकावर बसला.

"नाही आई. नव्हती मागितली."

तिने बाही सोडली. "मग ठीक. त्याच्या मनासारखं झालं म्हणायचं."

समारंभात नारेने तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या मुलाने शेवटपर्यंत पेज मागितली नाही." टाळ्या थांबेनात. संध्याकाळी नारेने विचारलं, "सर, मजकूर देणार होतात ना?" तो म्हणाला, "त्यांचंच वाक्य लाव." आणि त्या वाक्याखाली आपली सही करून दिली.

फेब्रुवारीत म्हातारी गेली. दहा-बारा दिवसांनी ग्वांगसिकने संग्रहालय गाठलं आणि नारेला सगळं सांगितलं. ती भिंतीवरच्या मजकुराकडे वळली.

"सर, भिंतीवर त्यांचं वाक्य आहे, खाली तुमची सही आहे. आता हे ऐकायला त्या मायलेकांपैकी कोण उरलंय?"

"मी उरलोय."

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आईला खोटं पाडू?" मग तिचा आवाज खाली आला. "वरिष्ठांना विचारते. पण आशा ठेवू नका."

वरिष्ठांनी नकार दिला. नवं काम त्याने उद्घाटनानंतर थांबवलंच होतं. हातात कुंचला धरला की चेहरा यायचा आणि तो पुसून टाकायचा. एप्रिलमध्ये तो पुन्हा तिथं गेला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कुठल्याशा शाळेची मुलं आली होती. बाई भिंतीवरचं वाक्य मोठ्याने, सावकाश वाचत होत्या, आणि मुलं ते वहीत उतरवून घेत होती.